वस्त्र फाडणारा राजा आणि गुंडाळी फाडणारा राजा

१९६० साली इस्राएलच्या भूमध्य किनाऱ्यावर, यावने-याम जवळच्या एका जुन्या गढीच्या उत्खननात शाईने लिहिलेले खापर सापडले. ते इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मजकूर एका शेतमजुराच्या अर्जाचा आहे. कापणी केली, धान्य मोजून कोठारात भरले, तरी होशयाहू बेन शोबाय आला आणि माझे वस्त्र घेऊन गेला. उन्हात माझ्याबरोबर राबलेले सोबती साक्ष देतील. माझे वस्त्र मला परत मिळवून द्या. गढीवरच्या अधिकाऱ्याकडे त्याचे मागणे एवढेच.

प्राचीन इस्राएलात लोक शोकात वस्त्रे का फाडत, हे समजून घ्यायला मी नेहमी या खापरापासून सुरुवात करतो. कापड तेव्हा घरात कातले जाई आणि हातमागावर विणले जाई. गरिबाकडे अंगावरचे तेवढेच. दिवसा झगा, रात्री तेच पांघरूण. म्हणूनच बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात आज्ञा आहे की शेजाऱ्याचे वस्त्र गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी परत कर. ते त्याचे एकुलते पांघरूण, तो दुसरे काय घेऊन निजणार? अशा समाजात माणूस स्वतःच्या हाताने अंगावरचे वस्त्र टरकावतो, तेव्हा तो काय मोजतो आहे याचा अंदाज आज भरलेल्या कपाटासमोर उभे राहून येत नाही.

इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, फाडणे म्हणजे ‘कारा’, आणि या विधीला पुढे नाव पडले ‘क्रिया’. आपल्या ‘क्रिये’शी त्याचा संबंध नाही, योगायोगाचे साम्य आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात हा प्रसंग पहिल्यांदा योसेफाच्या कथेत येतो. भावांनी ज्या रिकाम्या विहिरीत टाकले होते तिथे योसेफ दिसेना म्हणून थोरला भाऊ रऊबेन वस्त्रे फाडतो. भावांनी पाठवलेला रक्ताने माखलेला झगा योसेफाचाच हे ओळखून बाप याकोब वस्त्रे फाडतो आणि कमरेला गोणपाट गुंडाळतो. गोणपाट म्हटले की आपल्याला तागाचे पोते दिसते. तिथले मात्र शेळीच्या केसांचे, काळपट आणि अंगाला टोचणारे असे. पुढे अनेक वर्षांनी धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत चांदीचा प्याला सापडतो, तेव्हा ज्या भावांनी बापाला वस्त्रे फाडायला लावली तेच आपली वस्त्रे फाडतात. कथाकार यावर काही बोलत नाही, त्याला बोलायची गरजही वाटलेली नाही.

या रीतीकडे दुःखाचा अनावर झटका म्हणून पाहिले जाते. तसे झटके असतीलही. पण बायबलातले प्रसंग नीट वाचले तर रीत पुष्कळ जाणीवपूर्वक चाललेली दिसते. शौल राजाचा सेनापती अबनेर याचा खून दावीद राजाच्या सेनापतीने, यवाबाने, केला, आणि दावीदाने त्याच यवाबाला आज्ञा दिली की वस्त्रे फाड, गोणपाट नेस, प्रेतापुढे शोक कर. आज्ञा देऊन दुःख होत नाही. सर्वांसमोर कबुली मात्र देता येते. पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईतून शिलोला धावत आलेला बन्यामीन वंशाचा माणूस फाटक्या वस्त्रांनी आणि डोक्यावर माती घालून येतो. त्याने तोंड उघडण्याआधीच वेशीतल्या माणसाला कळावे की हरलो. उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन हिला वेढा पडला असताना तिथला राजा तटावरून चालता चालता वस्त्रे फाडतो, आणि लोकांना आतले गोणपाट दिसते. त्याने ते आधीपासूनच अंगाला लावून नेसले होते. आणि तामार. दावीदाची ही मुलगी सावत्र भावाच्या बलात्कारानंतर राजकन्यांचा लांब झगा फाडून, डोक्यावर राख घालून, रडत रस्त्याने जाते. भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. तिचा फाटलेला झगा तेवढा गप्प राहिला नाही.

रीत फक्त इस्राएलाची नव्हती. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरल्या दानेल नावाच्या माणसाच्या कथेत त्याची मुलगी बापाचे वस्त्र फाडते. मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला राजा गिल्गमेशही मेलेल्या मित्रासाठी, एन्किदूसाठी, अंगावरचा साज ओरबाडून टाकतो. शेजाऱ्यांकडे शोकात अंगावर जखमा करून घेण्याचीही चाल होती. उगारितच्या काव्यात बआल देव मेल्यावर थोरला देव एल स्वतःचे अंग चिरतो. इस्राएलाच्या नियमशास्त्राने इथे रेघ ओढली आणि मेलेल्यासाठी अंग चिरू नका असे बजावले. रेघ सगळ्यांनी पाळली असे नाही. यरुशलेम पडल्यानंतर शखेम, शिलो आणि शोमरोन इथून दाढ्या मुंडलेली, वस्त्रे फाडलेली आणि अंगावर घाव केलेली ऐंशी माणसे अर्पणे घेऊन निघाली होती, असे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातच आहे. पण नियम म्हणून पाहिले तर शरीराला हात लावायचा नाही, वस्त्राला लावायचा, एवढी मर्यादा पडली.

शोकाखेरीज फाडण्याला दुसराही अर्थ होता. इब्रीत वस्त्राच्या काठाला ‘कानाफ’ म्हणतात, आणि मराठीतला ‘पदर’ त्याला छान लागू पडतो, कारण दोन्हीकडे पदर धरणे, पदराखाली घेणे यात माणसांचे नातेच असते. निघालेल्या शमुवेल संदेष्ट्याच्या झग्याचा पदर शौल राजाने धरला आणि तो फाटला. शमुवेल म्हणाला, आज परमेश्वराने इस्राएलाचे राज्य तुझ्यापासून असेच फाडून घेतले आहे. शलमोन राजाच्या शेवटच्या काळात शिलोच्या अहीया संदेष्ट्याने नव्या कोऱ्या वस्त्राचे बारा तुकडे केले आणि इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहांची खूण म्हणून दहा तुकडे शलमोनाचा अधिकारी यराबाम याच्या हाती दिले. पुढे खरोखरच राज्याची दोन राज्ये झाली.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती यहूदाचा राजा योशीया याची हकिकत. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास मंदिराच्या डागडुजीत हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला, आणि ऐकताच योशीयाने वस्त्रे फाडली. तेव्हा कोणी मेले नव्हते, शत्रू वेशीवर नव्हता. राजाने फक्त ऐकले होते की आपले पूर्वज या शब्दांप्रमाणे वागले नाहीत. हुल्दा संदेष्ट्रीने परमेश्वराच्या वतीने पाठवलेल्या उत्तरात नेमकी हीच नोंद आहे की तू वस्त्रे फाडलीस, माझ्यापुढे रडलास, म्हणून मीही तुझे ऐकले आहे.

अठराएक वर्षांनी तोच देखावा पुन्हा उभा राहतो. आता गादीवर योशीयाचा मुलगा यहोयाकीम आहे. नववा महिना, थंडीचे दिवस. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी, म्हणजे गुंडाळून ठेवायचा लांब ग्रंथ, वाचली जाते. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापून शेगडीत टाकतो, आणि असे करत सगळी गुंडाळी जाळतो. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या आहे. राजा चाकूने कापतो तिथे इब्री मजकुरात क्रियापद आहे ‘कारा’, म्हणजे वस्त्र फाडण्याचेच. आणि लगेच पुढचे वाक्य सांगते की राजा आणि त्याचे सेवक घाबरले नाहीत, त्यांनी आपली वस्त्रे फाडली नाहीत. बापाने शब्द ऐकून वस्त्र फाडले, मुलाने वस्त्र राखून शब्द फाडले. लिहिणाऱ्याने हे क्रियापद सहज वापरले असेल असे मला वाटत नाही.

योएल संदेष्टा म्हणतो की आपली वस्त्रे नव्हे, हृदये फाडा. हे वाक्य विधीच्या निषेधासाठी वापरले जाते. पण त्याच अध्यायात तो उपास करा, शिंगे फुंका, मंडळी जमवा असेही सांगतो. आधीच्या अध्यायात तर याजकांना गोणपाट नेसायला सांगतो. विधी बंद करा असे तो म्हणत नाही. काळीज फाटणे ही मराठीला ठाऊक असलेली गोष्ट आहे. योएलाचे म्हणणे एवढेच की ती वस्त्राच्या आधी व्हावी.

एका माणसाला मात्र हे करायची मनाई होती. मुख्य याजकाने मेलेल्यासाठी वस्त्रे फाडू नयेत, असे लेवीयात आहे. नादाब आणि अबीहू जळून मेले तेव्हा त्यांच्या बापाला, पहिला मुख्य याजक अहरोन याला, आणि उरलेल्या दोन मुलांनाही वस्त्रे न फाडण्याची आज्ञा झाली. याजकाच्या निळ्या झग्याच्या गळ्याला फाटू नये म्हणून विणलेली पट्टी लावा, अशी सूचना निर्गमात आहे. साऱ्या लोकांच्या वतीने जो देवापुढे उभा राहतो, त्याचे वस्त्र एकट्या घरच्या दुःखाचे नव्हते. येशूच्या चौकशीत मुख्य याजक वस्त्र फाडतो तो प्रसंग निराळा आहे, कारण तिथे आरोप देवनिंदेचा आहे, आणि इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, नियमच आहे की देवनिंदेचे शब्द साक्षीदाराच्या तोंडून ऐकताच न्यायाधीशांनी उभे राहून वस्त्रे फाडावीत आणि ती पुन्हा सांधू नयेत.

रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, या रीतीचे बारकावे ठरवले. फाडायचे ते उभे राहून, कारण बायबलातला ईयोब मुले गेल्याची बातमी ऐकून उठला आणि मग त्याने झगा फाडला. आईवडील सोडून इतर नातलगांसाठी चार बोटे फाडावे. सात दिवसांनी कच्चे टाके घालावेत, तीस दिवसांनी नीट शिवावे. आईवडिलांसाठी छाती उघडी पडेपर्यंत फाडावे. तीस दिवसांनी कच्चे टाके चालतील, पण नीट सांधणे कधीच नाही. स्त्रीने मात्र तिची अब्रू राखण्यासाठी लगेच टाके घालावेत. आणि नीट सांधणे म्हणजे काय, तर तालमुद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो, अलेक्झांड्रियाच्या कारागिरांसारखे. म्हणजे आपल्याकडचे रफू, ज्यात फाटलेली जागा शोधूनही सापडत नाही. ओबडधोबड टाके चालतात, रफू नाही.

कधीच न सांधायच्या फाटण्यांच्या यादीत आईवडिलांबरोबर नियमशास्त्र शिकवणारा गुरू आहे, यहूदाची नगरे, यरुशलेम आणि मंदिर आहे, आणि जळालेला नियमशास्त्राचा ग्रंथही आहे. तो नियम रब्बींनी यहोयाकीमाच्या शेगडीवरूनच काढला. ग्रंथाची तशी विटंबना ज्याच्या डोळ्यांदेखत होईल, त्याने दोनदा फाडावे, एकदा चामड्यासाठी आणि एकदा त्यावरच्या अक्षरांसाठी.