दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र (साफ्टा)

सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या प्रादेशिक सहकार्य संघटनेच्या सदस्य-देशांनी एकमेकांच्या मालावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्यासाठी केलेला करार. त्यावर ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबाद येथे सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो अंमलात आला. मूळ सात सदस्यांत अफगाणिस्तानची भर पुढे पडली.

या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काहीजण तो १९९३ च्या साप्टा या प्राधान्य व्यापार करारापासून धरतात, तर काहीजण २००१ पर्यंत मुक्त व्यापाराचे (पुढे हुकलेले) लक्ष्य ठरवणाऱ्या १९९७ च्या माले शिखर परिषदेपासून. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते; कारण साप्टात एकेका वस्तूवर सवलतींची घासाघीस होत असे, तर साफ्टात संवेदनशील यादीतील (प्रत्येक देशाने शुल्ककपातीबाहेर ठेवलेल्या) वस्तू वगळून सर्वच मालाला शुल्ककपात लागू होते.

सवलत मिळण्यासाठी माल सदस्य-देशातच तयार झाल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी आयात कच्च्या मालाहून तयार मालाचे चार अंकी शुल्क-शीर्ष (सीमाशुल्कासाठीच्या वर्गवारीतील क्रमांक) वेगळे असावे लागते आणि देशांतर्गत मूल्यवर्धन किमान ४० टक्के (श्रीलंकेसाठी ३५, अल्पविकसित देशांसाठी ३० टक्के) लागते. समजा, बांगलादेशी सदऱ्याच्या १०० रुपये निर्यातमूल्यात चिनी माल ४५, भारतीय कापड ३० आणि स्थानिक मूल्यवर्धन २५ रुपयांचे आहे. एकट्या बांगलादेशाच्या हिशेबाने तो अपात्र ठरेल. मात्र प्रादेशिक संचयाच्या नियमानुसार सदस्य-देशांचा एकत्रित वाटा ५० टक्के व शेवटच्या निर्यातदाराचा २० टक्के भरला की पुरे, म्हणून तो पात्र ठरतो. २००० साली अंमलात आलेल्या भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारानंतर आयात पामतेलापासून श्रीलंकेत बनवलेल्या वनस्पती तुपाची भारतात मोठी आवक झाली होती. भारत या नियमांबाबत काटेकोर राहण्यामागे हा अनुभव असावा.

दक्षिण आशियातील देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्के मानला जातो. त्याचे कारण काही अभ्यासक या देशांच्या सारख्याच निर्यातमालात शोधतात, तर काही वाहतूक व सीमेवरील खर्चात. दुसऱ्या मताला आधार अधिक आहे. पेट्रापोल-बेनापोल सीमेवर भारतीय ट्रकमधील माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये चढवण्याची रीत शुल्क शून्य झाले तरी खर्च वाढवतेच. साफ्टाची शुल्ककपात आयातीपुरती असल्याने निर्यातबंदीवर तिचा इलाज चालत नाही. भारताने सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात रोखली, तेव्हा नाशिकचे उत्पादक आणि बांगलादेशातील ग्राहक दोघेही अडचणीत आले.

भारत-पाकिस्तान व्यापारात तर करार जवळजवळ निष्प्रभ आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार स्थगित केला आणि मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी आयातच बंद केली. अल्पविकसित देशांसाठी मात्र भारताने २०११ मध्ये संवेदनशील यादी २५ वस्तूंवर आणली. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर भरलेली नसल्याने कराराचा पुढील विस्तार थांबला आहे.