व्यापारी ओळख क्रमांक

व्यापारी ओळख क्रमांक : कार्डाने किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक साधनाने पैसे स्वीकारणाऱ्या व्यवसायाला त्याच्या बँकेने दिलेला संकेतांक. व्यवहारात त्याला ‘मर्चंट आयडी’ किंवा नुसते ‘एमआयडी’ म्हणतात. व्यवहाराला मंजुरी मिळणे, दिवसअखेरचा हिशेब, खात्यात रक्कम जमा होणे, शुल्काची आकारणी आणि पुढे ग्राहकाने तक्रार केलीच तर तिचा निवाडा या प्रत्येक टप्प्यावर व्यवहार कोणाचा, हे या क्रमांकावरून ठरते. हा दुकानाचा, मालकाचा किंवा बँक खात्याचा क्रमांक नव्हे. व्यवसाय आणि एक विशिष्ट बँक यांच्यात कार्ड स्वीकारण्यासंबंधी झालेल्या कराराचा तो क्रमांक आहे. एकाच व्यवसायाने दोन बँकांशी करार केले, तर त्याला दोन क्रमांक मिळतात. बँक बदलली की जुना क्रमांक संपतो, मग दुकान, मालक आणि खाते तेच राहिले तरीही.

या व्यवस्थेत चार पक्ष असतात : कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक (इश्युअर), व्यापारी, आणि व्यापाऱ्याच्या वतीने व्यवहार गोळा करणारी बँक (अ‍ॅक्वायरर). व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी जाळी या दोन बँकांना जोडतात. व्यापाऱ्याशी जाळ्याचा थेट करार नसतो; तो जाळ्याच्या सदस्य बँकेशी असतो. क्रमांक देण्याचा अधिकार बँकेकडे किंवा तिने नेमलेल्या प्रक्रिया-कंपनीकडे असतो, तो याच कारणाने.

उगम : या क्रमांकाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही; आरंभ मानण्यासारखे टप्पे किमान चार आहेत. ‘क्रमांक’ याचा अर्थ बँकेच्या वहीतील नोंद असा घ्यायचा, की बँकांच्या आपसांतील संदेशातील एक निश्चित रकाना असा घ्यायचा, यावर उत्तर अवलंबून राहते.

सर्वांत मागे जाणारी मांडणी ब्रुकलिनमधील फ्लॅटबुश नॅशनल बँकेच्या ‘चार्ज-इट’ योजनेपाशी पोहोचते. जॉन बिगिन्स यांनी १९४६ च्या सुमारास ती सुरू केली. ग्राहक उधारीवर खरेदी करी, दुकानदार विक्रीची चिठ्ठी बँकेत भरी आणि बँक ग्राहकाकडून पैसे वसूल करी. त्यापूर्वीच्या दुकानांच्या स्वतःच्या उधारी-योजनांमध्ये विक्रेता आणि उधार देणारा एकच असल्याने विक्रेत्याला वेगळी ओळख लागत नव्हती. येथे ती प्रथमच लागू लागली. मात्र दुकानदार आणि ग्राहक दोघेही एकाच बँकेचे खातेदार असल्याने बँकेच्या साध्या खाते-नोंदीने ही गरज भागत असणार, असे मानावे लागते. १९५० मध्ये सुरू झालेल्या डायनर्स क्लबने हॉटेले व उपाहारगृहे यांचे मोठे जाळे उभारले. त्यामुळे व्यापाऱ्यांची स्वतंत्र सूची ही संस्थेची रोजची गरज झाली. तरीही कार्ड देणारा आणि व्यापाऱ्याला पैसे देणारा एकच होता. बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे बँकअमेरिकार्ड आणले, तेव्हाही चित्र हेच होते.

खरा बदल १९६६ मध्ये झाला. बँक ऑफ अमेरिकेने आपले कार्ड इतर बँकांना परवान्यावर देण्यास सुरुवात केली आणि त्याच वर्षी प्रतिस्पर्धी बँकांनी इंटरबँक कार्ड असोसिएशन (नंतरचे मास्टरकार्ड) स्थापन केली. आता एका बँकेच्या दुकानदाराची चिठ्ठी दुसऱ्या बँकेच्या ग्राहकापर्यंत जाऊ लागली. चिठ्ठी मिळालेल्या बँकेला केवळ दुकानाचे नाव पुरेसे नव्हते. ही चिठ्ठी कोणत्या बँकेने गोळा केली आणि वाद झाल्यास ती कोणाला परत पाठवायची, हेही कळणे आवश्यक होते. बँकेची ओळख आणि व्यापाऱ्याची ओळख यांची जोडी येथून अपरिहार्य होते. आजचा क्रमांक या जोडीशिवाय अर्थशून्य असल्याने प्रस्तुत लेखकाला १९६६ नंतरचा काळच त्याचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चौथी मांडणी बँकांच्या आपसांतील संदेशांसाठीच्या १९८७ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला (आयएसओ ८५८३, पुढे पाहा) आरंभ मानते. पण त्या प्रमाणाने रूढ असलेल्या गोष्टीला निश्चित जागा दिली, ती निर्माण केली असे म्हणता येत नाही.

कागदी काळातील पुरावाही याच बाजूने झुकतो. दुकानाच्या गल्ल्याजवळ एक हातयंत्र असे. त्यात व्यापाऱ्याचे नाव, ठिकाण आणि क्रमांक उठावदार अक्षरांत असलेली धातूची पट्टी कायमची बसवलेली असे. कार्ड व कार्बन-चिठ्ठ्यांचा संच ठेवून वरून रूळ सरकवला, की कार्डावरील आणि पट्टीवरील मजकूर एकाच चिठ्ठीवर उमटे. ठरावीक मर्यादेपेक्षा रक्कम मोठी असेल, तर दुकानदार मंजुरी-केंद्राला दूरध्वनी करून आपला क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि रक्कम सांगे. बँकांनी जमा झालेल्या चिठ्ठ्यांची सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्म) छायाचित्रे घेऊन ठेवली. त्या काळाची खूण आजही व्यवहाराच्या २३ अंकी संदर्भ-क्रमांकात शिल्लक आहे : पहिला अंक स्वरूपाचा, पुढचे सहा अंक व्यापाऱ्याच्या बँकेचे, चार दिनांकाचे, अकरा ‘फिल्म लोकेटर’चे म्हणजे सूक्ष्मपटावरील जागेचे आणि शेवटचा पडताळणीचा. या संदर्भ-क्रमांकात व्यापारी कोठेच नाही. आहे ती त्याची बँक. कागद परत पाठवायचा तो बँकेकडे, आणि बँकेने आपल्या नोंदींतून व्यापारी शोधायचा, अशी ती रीत होती.

मंजुरीचे संगणकीकरण १९७३ मध्ये बँकअमेरिकार्डच्या ‘बेस-१’ प्रणालीने सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दुकानांत चुंबकीय पट्टी वाचणारी यंत्रे येऊ लागली, तशी धातूच्या पट्टीवरील ओळख यंत्राच्या स्मृतीत गेली.

संदेशातील स्थान : कार्ड-व्यवहारांच्या संदेशांसाठीचे आयएसओ ८५८३ हे प्रमाण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढील आवृत्त्या १९९३, २००३ व २०२३ च्या. प्रत्यक्षात जगभर अजूनही १९८७ च्या आवृत्तीवरून बेतलेल्या, जाळ्यागणिक थोड्या वेगळ्या बोली वापरात आहेत. संदेशाच्या आरंभी चार अंकी प्रकार-संकेत असतो (०१०० म्हणजे मंजुरीची विनंती, ०४०० गटातील संदेश व्यवहार उलटवण्यासाठी) आणि त्यानंतर कोणकोणते रकाने भरले आहेत हे दाखवणारा द्विमान नकाशा (बिटमॅप) येतो. व्यापाऱ्याची ओळख बेचाळिसाव्या रकान्यात असते. त्याची लांबी ठाम १५ वर्णांची असून त्यात अंक, अक्षरे व विशेष चिन्हे चालतात. म्हणजे ‘क्रमांक’ हे नाव रूढ असले, तरी तो निव्वळ अंकीच असेल असे नाही. ओळख १५ वर्णांपेक्षा आखूड असेल, तर डावीकडून लिहून उरलेली जागा रिकाम्या वर्णांनी भरण्याची पद्धत आहे. काही बँका मात्र आरंभी शून्ये लावून १५ अंक पुरे करतात. हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब न जुळण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. तक्ता-प्रणालीत (स्प्रेडशीट) असा क्रमांक संख्या म्हणून उघडला की आरंभीची शून्ये गळतात, मोठी संख्या घातांकी रूपात दिसू लागते आणि बँकेच्या यादीशी जुळणी होत नाही. क्रमांक नेहमी मजकूर म्हणूनच साठवावा.

बेचाळिसावा रकाना एकटा वाचायचा नसतो. एकेचाळिसाव्यात यंत्राची ८ वर्णांची ओळख (टर्मिनल आयडी) असते. एका व्यापारी क्रमांकाखाली अशी अनेक यंत्रे असू शकतात. त्रेचाळिसाव्या रकान्यात ४० वर्णांत व्यापाऱ्याचे नाव व ठिकाण येते. मूळ प्रमाणात हे वर्ण पत्ता, शहर, राज्य व देश असे वाटलेले होते. व्हिसाच्या रचनेत २५ वर्ण नावाला, १३ शहराला आणि २ देशाला आहेत. ग्राहकाला मासिक पत्रकात दिसणारे त्रोटक, कधीकधी मध्येच तुटलेले नाव येथून येते. अठराव्या रकान्यात व्यवसायाच्या प्रकाराचा चार अंकी संकेत असतो. बत्तिसाव्यात व्यापाऱ्याच्या बँकेची, कमाल ११ अंकांची ओळख असते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. व्यापारी क्रमांकांची जागतिक नोंदवही अस्तित्वात नाही. प्रत्येक बँक आपल्यापुरते वेगळेपण राखते, त्यामुळे दोन बँकांनी योगायोगाने एकच क्रमांक दोन निराळ्या व्यापाऱ्यांना देणे शक्य असते, आणि तसे झाले तरी काही बिघडत नाही. बत्तिसावा व बेचाळिसावा रकाना मिळून व्यापारी ठरतो. एकेचाळिसावा जोडला की यंत्रही.

कार्डाच्या क्रमांकात शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आयबीएममधील हान्स पेटर लून यांच्या नावाने ओळखली जाणारी ती रीत आहे. व्यापारी क्रमांकासाठी असा अंक प्रमाणाने बंधनकारक केलेला नाही. काही बँका स्वतःहून तो ठेवतात. परिणामी यंत्र बसवताना एखादा अंक चुकला, तर चूक यंत्रातच उमगेल याची खात्री नसते. विनंती बँकेपर्यंत गेल्यावर ‘व्यापारी अवैध’ अशा अर्थाचा प्रतिसाद (०३) येतो. चुकीचा क्रमांक नेमका दुसऱ्या कोणाचा असेल, तर तोही येत नाही.

चिप-कार्डांच्या ईएमव्ही प्रमाणात हीच माहिती यंत्रातील स्वतंत्र खुणांखाली ठेवली जाते : ९एफ१६ खाली १५ वर्णांची व्यापाऱ्याची ओळख, ९एफ१सी खाली यंत्राची, ९एफ१५ खाली व्यवसाय-प्रकार. लांबी १५ व ८ अशीच ठेवलेली आहे, यावरून जुन्या रकान्यांचा प्रभाव स्पष्ट होतो.

अमेरिकन एक्सप्रेसची व्यवस्था मुळात त्रिपक्षी (कार्ड देणारा आणि व्यापाऱ्याचे व्यवहार गोळा करणारा एकच) असल्याने तिचा व्यापारी क्रमांक दहा अंकी, स्वतंत्र आणि पूर्ण जाळ्यापुरता एकच अर्थ असलेला असतो. त्यामुळे एकाच यंत्रावरील पावत्यांवर कार्डानुसार दोन वेगळे क्रमांक छापलेले आढळतात. वरील १९६६ च्या मताला यातून आडवळणाने दुजोरा मिळतो.

एक व्यवसाय, अनेक क्रमांक : व्यवसाय-प्रकाराचे संकेत आयएसओ १८२४५ (पहिली आवृत्ती २००३) या प्रमाणात दिलेले आहेत. उदा., किराणा व सुपरमार्केट ५४११, उपाहारगृह ५८१२, औषधविक्री ५९१२. मोठ्या विमान कंपन्यांना ३००० पासूनच्या गटात स्वतःचे वेगळे संकेत आहेत. हा संकेत सामान्यतः व्यापारी क्रमांकाला जोडलेला असतो आणि बँकांच्या आपसांतील शुल्काचा दर ठरवण्यात त्याचा वाटा असतो. म्हणून दोन भिन्न प्रकारचे धंदे करणाऱ्याला दोन क्रमांक घ्यावे लागतात. शाखा, चलन आणि विक्रीची पद्धत यांनुसारही क्रमांक वेगळे केले जातात. कार्ड समोर असताना झालेली विक्री आणि इंटरनेटवरची विक्री यांतील फसवणुकीचा धोका निराळा असल्याने त्या एका क्रमांकाखाली मिसळणे बँका टाळतात.

चार्जबॅकचे (ग्राहकाच्या तक्रारीवरून व्यापाऱ्याकडून रक्कम परत घेतली जाण्याचे) प्रमाणही जाळी क्रमांकवार मोजतात. प्रमाण वाढले की दंड, आणि पुढे करार रद्द होणे, असा क्रम असतो. या मोजणीतून सुटण्यासाठी व्यवहार जाणूनबुजून अनेक क्रमांकांवर विखुरणे नियमबाह्य आहे. तसेच आपल्या क्रमांकावरून दुसऱ्याचे व्यवहार पार पाडणेही. अशा कारणांनी करार संपुष्टात आलेल्या व्यापाऱ्याची नोंद मास्टरकार्डच्या ‘मॅच’ या सूचीत केली जाते आणि ती पाच वर्षे राहते. नवा क्रमांक देण्यापूर्वी बँका ही सूची पाहतात. तिच्यात क्रमांकाबरोबर व्यवसाय आणि त्याचे मालक यांचीही नोंद असते, त्यामुळे नाव बदलून नवा करार मिळवणे सोपे राहत नाही. लहान व्यावसायिकांना या सूचीचे अस्तित्व बहुधा नाव तीत गेल्यावरच कळते. करार करतानाच त्यांना तिची माहिती देणे बँकांचे कर्तव्य मानले पाहिजे.

मध्यस्थांमार्फत मिळणारी ओळख : अलीकडे अनेक लहान व्यवसाय बँकेशी थेट करार न करता पेमेंट कंपनीच्या छत्राखाली येतात. अशा वेळी जाळ्याच्या दृष्टीने मुख्य करार मध्यस्थाचा असतो आणि प्रत्यक्ष विक्रेता त्याचा उप-व्यापारी ठरतो. त्याची ओळख जाळ्याने नेमून दिलेल्या जादा रकान्यांतून पाठवली जाते. ग्राहकाच्या पत्रकात मध्यस्थाचे नाव, तारांकन आणि मग विक्रेत्याचे नाव असे दिसते. कार्ड स्वीकारण्याची मान्यता लवकर मिळते, हा लाभ. मध्यस्थाने खाते गोठवल्यास व्यापाऱ्याला दाद मागायला बँक समोर नसते, ही उणीव.

सुरक्षितता : हा क्रमांक गोपनीय मानला जात नाही. तो पावतीवर पूर्ण किंवा अंशतः छापलेला असतो, मासिक विवरणपत्रावर आणि पेमेंट कंपनीच्या खात्यातही दिसतो. कार्ड-माहितीच्या संरक्षणासाठीच्या पीसीआय डीएसएस नियमावलीत (२००४) संरक्षित ठरवलेल्या कार्डधारकाच्या माहितीत तो मोडत नाही. पण उघड असलेली ओळख आणि तीच व्यापारी असल्याचा पुरावा, या दोहोंची गल्लत झाली की धोका निर्माण होतो. बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्समधील संशोधकांनी डिसेंबर २०१५ मध्ये हे दाखवून दिले. जर्मनीत वापरली जाणारी ‘पोसायडन’ ही आयएसओ ८५८३ ची बोली यंत्राच्या ओळखीवर प्रमाणाबाहेर विश्वास ठेवत होती. पावतीवर छापलेली ती ओळख आणि सहज हाती लागणारी आणखी थोडी माहिती वापरून परक्या दुकानाचे यंत्र असल्याची बतावणी करता येत होती, आणि त्या दुकानाच्या खात्यातून रिफंडही पाठवता येत होता. ओळख क्रमांक लपवून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची गुप्त किल्ली असणे हाच त्यावरील उपाय होय.

नवे प्रवाह : आयएसओ २००२२ या नव्या संदेश-प्रमाणात ठरावीक लांबीच्या रकान्यांऐवजी नावनिशी घटक वापरले जातात, तेव्हा १५ वर्णांची मर्यादा तेथे लागू राहत नाही. ईएमव्ही प्रमाण सांभाळणाऱ्या ईएमव्हीको या संस्थेने २०१७ मध्ये दुकानात लावायच्या क्यूआर संकेताचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात ०२ ते ५१ हे घटक व्यापारी-खात्यांच्या माहितीसाठी राखलेले आहेत : ०२ व ०३ व्हिसाचे, ०४ व ०५ मास्टरकार्डचे, २६ पासून पुढचे इतर व्यवस्थांसाठी. घटक ५२ मध्ये व्यवसाय-प्रकार आणि ५९ मध्ये व्यापाऱ्याचे नाव असते. म्हणजे एकाच चित्रात व्यापाऱ्याचे अनेक करार-क्रमांक शेजारी शेजारी बसतात आणि त्यांपैकी आपल्याला लागू पडणारा कोणता, हे ग्राहकाचे अ‍ॅप निवडते. खात्यातून थेट खात्यात पैसे पाठवणाऱ्या व्यवस्थांमध्ये व्यापाऱ्याच्या क्रमांकाची जागा बहुतांशी त्याच्या खात्याच्या पत्त्याने घेतली आहे. मात्र व्यवसाय-प्रकाराचा चार अंकी संकेत त्यांतील काहींनी कार्ड-जगातून जसाच्या तसा उचलला आहे.