विमान लवकर पोहोचतं ते पृथ्वी फिरते म्हणून नाही

मुलं-नातवंडं परदेशी असलेल्या कोल्हापूरकरांच्या घरांत एक समज पक्का आहे: मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला तासभर कमी, हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. तसं नाही.

आपल्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे 1,600 किमी वेगाने सरकते. हवा मागे राहत असती, तर रंकाळ्यावर तासभर स्थिर राहिलेलं हेलिकॉप्टर अरबी समुद्रावर, ओमानच्या दक्षिणेला सापडलं असतं! पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं, आणि विमान त्या हवेतूनच उडतं.

मग फरक कशाचा? वाऱ्याचा. समशीतोष्ण पट्ट्यात 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. तो पाठीशी असला की वेळ वाचतो, समोरून आला की लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी सहा-सात तास लागतात. हे वारे घडण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढा भाग खरा.

घड्याळाचा घोळ वेगळा. तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, म्हणून नुसत्या वजाबाकीने प्रवासाचा वेळ निघत नाही.

उजळाईवाडी (कोल्हापूर विमानतळ) ते मुंबई हवाई अंतर जेमतेम 310 किमी. तिथे जेट स्ट्रीमचा प्रश्न फारसा येत नाही. तासाभरातला बराच वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या गर्दीत जातो.