आफ्टरनून टी : ब्रिटनमधील दुपारचे चहापान

आफ्टरनून टी म्हणजे ब्रिटनमधले दुपारचे बैठे चहापान. साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान किटलीभर चहा, बोटभर रुंदीचे सँडविच, गरम स्कोन (मैद्याचे भाजलेले छोटे गोळे) आणि छोटे केक असा त्याचा थाट असतो. नाव चहाचे असले तरी पोट जेवणाइतके भरते. त्यामुळे त्या दिवशी दुपारचे जेवण हलके ठेवलेले बरे. हा घाईत उरकायचा प्रकार नाही. दीड-दोन तास मोकळे असतील तरच त्याची चव कळते.

‘हाय टी’ हा शब्द आधी बाजूला काढायला हवा. पुण्या-मुंबईत परिसंवादानंतर किंवा साखरपुड्याला ‘हाय टी’ असतो, तेव्हा आपल्याला चहा-फराळ अभिप्रेत असतो. ब्रिटनमध्ये मात्र हाय टी म्हणजे गिरणीतून, खाणीतून दमून आलेल्या कामगारांचे संध्याकाळचे जेवण : मांस, पाव, बटाटे आणि सोबत कडक चहा. उत्तर इंग्लंडमध्ये आजही अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणाला नुसते ‘टी’ म्हणतात. तिकडे कोणी सहा वाजता ‘टी’ला बोलावले तर जेवायलाच बोलावले आहे असे समजावे.

इतिहास

चहा इंग्लंडात पोहोचला १७व्या शतकाच्या मध्यास, लंडनच्या कॉफीगृहांतून. दरबारात त्याला मान मिळाला तो कॅथरीन ऑफ ब्रगांझा या पोर्तुगीज राजकन्येमुळे. १६६२ मध्ये तिचे लग्न राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाले आणि माहेरची चहाची सवय तिने सासरी नेली. याच लग्नाच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, हे आपण शाळेत शिकतो. इंग्रज दरबाराला चहाची गोडी लावणारी नवरीही तीच, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे चहा श्रीमंतांच्या घरी कुलपात राहिला. त्यावर कर इतका होता की चोरटा व्यापार जोरात चाले. १७८४ च्या कायद्याने हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा चहा हळूहळू सामान्य घरांच्या आवाक्यात आला.

दुपारच्या चहापानाचे श्रेय बेडफर्डची सातवी डचेस अॅना मारिया हिला दिले जाते. काळ १८४० च्या सुमाराचा. वरच्या वर्गात दुपारी हलके खाणे होई आणि रात्रीचे जेवण पार आठ-साडेआठवर गेले होते. मधल्या वेळी जीव कासावीस व्हायचा, म्हणून ती आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी मागवू लागली आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागली. एकट्या बाईने एका दुपारी ही प्रथा काढली असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुपारच्या वेळी चहा पिणारे तिच्या आधीही होते. पण ती राणी व्हिक्टोरियाच्या निकटच्या परिवारात होती, आणि तिने केले ते चारचौघींनी उचलले, एवढे खरे.

तिच्या कपातला चहा बहुधा चीनचाच असणार, कारण आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ मध्ये नुकताच झाला होता. शतक संपेपर्यंत भारत आणि सिलोनच्या मळ्यांनी चीनला मागे टाकले. लंडनच्या टेबलावरच्या त्या नाजूक कपबशीमागे आसामच्या मळ्यांत करारावर बांधून नेलेल्या मजुरांचे अत्यंत हालाचे आयुष्य आहे. ते बाजूला ठेवून या प्रथेचा इतिहास पुरा होत नाही.

चहापान दिवाणखान्यातून रस्त्यावर आणले ते चहागृहांनी. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ मध्ये लंडनमध्ये पहिले चहागृह उघडले आणि लायन्स कंपनीने १८९४ मध्ये पिकॅडिलीत. सोबत पुरुष नसताना भल्या घरच्या बाईला बाहेर बसून खाता येईल अशा जागा त्या काळी फार थोड्या होत्या. चहागृहाने ती सोय केली, आणि मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या बैठकाही अशा ठिकाणी होत. माझ्या मते या प्रथेची सगळ्यात मोलाची कामगिरी ही आहे, डचेसच्या भुकेपेक्षाही. दुसऱ्या महायुद्धात चहाचे रेशनिंग झाले. १९४० मध्ये माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम मिळू लागला, आणि हे रेशनिंग १९५२ पर्यंत टिकले.

टेबलावर काय येते

बहुतेक ठिकाणी तीन मजली स्टँड येतो. खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. खाणे खालून वर. सँडविचच्या कडा कापलेल्या असतात. आत काकडी, अंडे, स्मोक्ड सामन, किंवा करी पावडर घातलेले कोरोनेशन चिकन, जे राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या १९५३ च्या राज्याभिषेकासाठी तयार केले गेले. काकडीचे सँडविच दिसायला साधे, पण त्यात आचाऱ्याची कसोटी लागते. चकत्या कागदासारख्या पातळ हव्यात, त्यांचे पाणी काढलेले हवे आणि लोणी पावाच्या पार कडेपर्यंत लावलेले हवे, नाहीतर पाव ओला होतो.

खरा जीव आहे तो स्कोनमध्ये. मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर, बस. नानकटाईइतका ठिसूळ नाही, पावाइतका जाळीदार नाही. चांगल्या स्कोनला कमरेशी एक आडवी भेग असते. तिथे अंगठे लावून हलकेच ओढले की सुरीशिवाय दोन भाग होतात आणि आतून वाफ येते. ही वाफ आली नाही तर स्कोन सकाळचा आहे असे खुशाल समजावे. दोन्ही भागांवर जॅम आणि क्लॉटेड क्रीम लावून ते वेगवेगळे खातात, पुन्हा एकमेकांवर ठेवत नाहीत.

क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या सायीची इंग्रज बहीण. घट्ट दूध किंवा मलई उथळ भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास तापवतात, मग न हलवता थंड होऊ देतात. वर पिवळसर, दाणेदार थर जमतो. नैऋत्य इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या क्रीमला १९९८ पासून युरोपीय संरक्षित नामांकन आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. शेजारच्या डेव्हनचे लोक आधी क्रीम लावून वर जॅम घालतात, कॉर्नवॉलचे आधी जॅम आणि वर क्रीम. दोन्हीकडे हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. स्कोन गरम असेल तर कॉर्नवॉलची रीत सोयीची, कारण क्रीम वितळत नाही. नुसता चहा, स्कोन, जॅम आणि क्रीम एवढेच घेतले तर त्याला ‘क्रीम टी’ म्हणतात.

चहा कसा घ्यावा

इथे आपल्याकडच्या माणसाला सवय थोडी बदलावी लागते. चहा दुधात उकळलेला नसतो. गरम केलेल्या किटलीत पत्ती, त्यावर उकळते पाणी, तीन ते पाच मिनिटे मुरणे, मग गाळणीतून कपात. दूध थंडच असते आणि वेगळ्या छोट्या भांड्यात येते. सोबत गरम पाण्याची आणखी एक किटली ठेवतात; दुसरा कप फार कडक झाला तर त्यातले पाणी घालावे. आसाम दुधासह चांगला लागतो, दार्जिलिंगमध्ये दूध घालू नये. अर्ल ग्रेला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास असतो. तो काहींना फार आवडतो, काहींना अत्तरासारखा वाटतो. चमचा कपाच्या कडांना न लावता पुढे-मागे हलवतात, आणि करंगळी बाहेर काढायची मुळीच गरज नाही.

कुठे जावे

लंडनमध्ये सर्वांत प्रसिद्ध रिट्झ हॉटेलचे पाम कोर्ट. हॉटेल १९०६ चे. सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत पाच वेळांना बैठका असतात. जागा पुष्कळ आधी राखावी लागते आणि जीन्स चालत नाही. १८६५ चे लँगहॅम, १८३७ चे ब्राउन्स आणि थेम्सकाठचे सॅव्हॉयही याच पंक्तीतले. १७०७ पासून पिकॅडिलीत असलेल्या फोर्टनम अँड मेसनच्या वरच्या मजल्यावरचे टी सलून चहाच्या निवडीसाठी उत्तम. अशा ठिकाणी माणशी ७० पौंडांच्या पुढे खर्च येतो, वर सेवाशुल्क. शाकाहारी मांडणी बहुतेक ठिकाणी मिळते, पण जागा राखतानाच सांगावे. केकवरच्या मूसमध्ये (फेसाळ मऊ थरात) जनावरांपासून मिळणारे जिलेटिन असू शकते, तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

लंडनबाहेर हा अनुभव अधिक मोकळा असतो. यॉर्कशरमधल्या हॅरोगेटचे बेटीज हे चहागृह एका स्विस मिठाईवाल्याने १९१९ मध्ये काढले. तिथला ‘फॅट रास्कल’ हा बदाम-चेरी लावलेला स्कोनसारखा पदार्थ घ्यावाच. बाथच्या पंप रूममध्ये वाद्यसंगीत ऐकत चहा घेता येतो. ग्लासगोमध्ये चहागृहे चालवणाऱ्या केट क्रॅन्स्टन यांच्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश यांनी सजवलेले १९०३ चे विलो टी रूम्स डागडुजीनंतर पुन्हा सुरू आहे. तिथे खुर्चीच्या पाठीपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळे एकाच हाताचे.

पण पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या खेड्यातले चहागृह गाठावे, किंवा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या एखाद्या वाड्यातला उपाहारकक्ष. टीकोझीखाली (ऊब टिकवणाऱ्या कापडी टोपीखाली) झाकलेली किटली, न जुळणाऱ्या कपबश्या, त्याच दिवशी भाजलेले स्कोन, आणि क्रीम टीसाठी हॉटेलच्या तुलनेत फार थोडे पैसे.

गावोगावच्या क्रिकेट मैदानांवरही ही प्रथा जिवंत आहे. कसोटीतला चहापानाचा वेळ वीस मिनिटांचा; गावच्या सामन्यात मात्र दोन डावांच्या मध्ये सगळे पॅव्हेलियनमध्ये जमतात. लांब टेबलावर खेळाडूंच्या घरून आलेले सँडविच आणि व्हिक्टोरिया स्पंज केक मांडलेले असतात, एका टोकाला मोठ्या भांड्यातून चहा ओतला जात असतो, आणि पॅड न काढलेला फलंदाजही दोन्ही संघांच्या रांगेत उभा असतो.