स्लो मोशन आणि स्लो शटर: एका ‘स्लो’ने घातलेला घोळ

वागळे इस्टेटच्या गल्लीत, कळव्याच्या चाळीत नाहीतर तुर्भ्याच्या नाक्यावर रॅप गाण्याचं शूट लागलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “दादा, इथे स्लो मारू या.” सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र असतं, पोरगा खांबाला टेकून उभा आणि संध्याकाळची गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी धुरासारखी वाहतेय. कॅमेरावाला ऐकतो भलतंच. तो फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला घ्यायच्या चित्रांची संख्या, १०० वर नेतो. रात्री लॅपटॉपवर बघतात तर पोरगा संथ, गर्दी संथ, शेजारून जाणाऱ्या काकूंची पिशवीसुद्धा संथ. मग एडिटरच्या गळ्यात: “थोडा ब्लर टाक ना.”

ब्लर टाकून हे होत नाही. पहिला मागतो तो स्लो शटर आणि दुसरा देतो ते स्लो मोशन. नावात ‘स्लो’ आहे, तेवढंच साम्य. स्लो मोशनला शटर झटपट मिटणारं लागतं, स्लो शटरला रेंगाळणारं. एक प्रकाश खातं, दुसऱ्याला उरलासुरला प्रकाशही पुरतो. एकात सेटवर गाणं पळवायचं, दुसऱ्यात रखडवायचं. तरी दर दुसऱ्या सेटवर हा गोंधळ होतोच.

स्लो मोशनवर लांबड लावत नाही. एडिटची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, शूट ५० फ्रेमचं, की वेग निम्मा. १०० फ्रेमचं, की पाव. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं, ५० ला १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग) आणि १०० ला १/२००. मोबाइलवर १२० आणि २४० फुकटात मिळतात, म्हणूनच नको तिथे वापरली जातात. हे सगळं कोणीही सांगेल.

आता स्लो शटर. एका फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ उघडा राहतो, एवढाच प्रश्न. रस्त्याने चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर जातो असं धरा. १/२०० ला एका फ्रेममध्ये तो अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे चित्र कोरीव. नेहमीच्या १/५० ला अडीच सेंटिमीटर. डोळ्याला हीच हालचाल नैसर्गिक वाटते. १/१२ ला १० सेंटिमीटर, म्हणजे कडा विरघळल्या, पण माणूस ओळखू येतो. १/६ ला २० सेंटिमीटर, चेहरा गेला. अर्ध्या सेकंदाला ६० सेंटिमीटर, आता माणूस नाही, नुसता रंगाचा पट्टा. पोरांच्या गाण्यांसाठी कामाचा टापू १/१२ ते १/६. त्याखाली गेलात की गर्दीतली माणसं पार नाहीशी होतात आणि तो शॉट कुठल्याही शहरात, कुठल्याही गाण्यात खपेल असा होतो.

खरी ठेच इथे लागते. २५ फ्रेमला शूट करताना एका फ्रेमच्या वाट्याला १/२५ सेकंद येतो, त्यामुळे शटर त्याहून जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही. काही कॅमेरे १/८ किंवा १/४ दाखवतात, पण ते तीच फ्रेम पुन्हा पुन्हा लिहितात. खरंखुरं १/१२ हवं तर फ्रेम रेटच १२ वर आणावा लागतो. सोनीच्या कॅमेऱ्यांत ‘एस अँड क्यू’ (स्लो अँड क्विक) मोडमध्ये, पाल (२५-५० फ्रेमची पद्धत) सेटिंग असेल तर १२ आणि ६ मिळतात. आणि १२ फ्रेमला शूट केलेलं २५ च्या टाइमलाइनवर चाललं की सगळं दुपटीहून थोडं जास्त वेगाने पळतं.

म्हणजे स्लो शटरच्या शॉटमध्ये जग संथ होत नाही, उलट पळतं. पोरगा शांत दिसतो कारण तो सेटवर स्वतः निम्म्याहून कमी वेगाने वागलेला असतो. स्लो मोशनमध्ये मेहनत कॅमेरा करतो. स्लो शटरमध्ये ती पोराला करावी लागते. ज्याला हे कळलं नाही तो सेटिंग बरोबर लावूनही शॉट घालवतो, कारण पोरगा आपल्या नेहमीच्या वेगाने हात हलवतो आणि पडद्यावर माशी हाकल्यासारखा दिसतो.

म्हणून प्लेबॅकची, म्हणजे सेटवर वाजवायच्या गाण्याची, तयारी आदल्या रात्री करायची. १२ फ्रेमसाठी गाण्याचा ट्रॅक ४८ टक्के वेगाने, ६ फ्रेमसाठी २४ टक्के. पिच (स्वराची पट्टी) मूळचाच ठेवा, नाहीतर गाणाऱ्यालाच आपलं गाणं ओळखू येत नाही. इतकं ताणल्यावर व्यंजनं चिकट होतात, तेव्हा वरून क्लिक (ठेक्याची टिकटिक) घाला: मूळ गाणं ९० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचं, असेल तर ४८ टक्क्यांना साधारण ४३. चार सेकंदांची ओळ म्हणायला पोराला सव्वाआठ सेकंद लागतील. ६ फ्रेमला तीच ओळ जवळजवळ १७ सेकंदांची होते आणि तिथे श्वासच पुरत नाही. ६ फ्रेमला लिपसिंक करू नये, नुसतं उभं करावं.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. पापण्या पडद्यावर दुप्पट वेगाने फडफडतात, तेव्हा “डोळे कमी मिच, मिचलेस तर सावकाश” हे आधी सांगून ठेवा. मोकळं उभं राहिलेलं शरीर डुलतं आणि १/६ ला ते डुलणं चेहऱ्यावर उतरतं. पाठ भिंतीला, खांबाला, दुकानाच्या शटरला टेकवा किंवा खाली बसवा. ढगळ टी-शर्ट खाडीच्या वाऱ्यात फडफडला की पोराचं निम्मं अंग पुसलं जातं. अंगाबरोबरचा शर्ट घाला. कॅमेरा ट्रायपॉडवरच. १/२५ ला गिंबल (हातातला कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) कसाबसा तग धरतो, १/१२ ला नाही.

रॅपचं उलटं. ९० बीपीएमला सोळाव्या मात्रांवर, म्हणजे एका ठोक्यात चार अक्षरं, बोललं तर सेकंदाला सहा अक्षरं होतात. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम लावले की प्लेबॅक २०० टक्के, म्हणजे सेकंदाला बारा अक्षरं. जीभ तिथे पोहोचत नाही, ओठ नुसते थरथरतात आणि एडिटला कळतं की शब्द आणि तोंड यांचा संबंध तुटलाय. स्लो मोशन हुकसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीसाठी, ठेवा, अंतऱ्याला नको. अंतऱ्याला थोडं वजन हवंच असेल तर ३० फ्रेम, प्लेबॅक १२० टक्के. मोबाइल तसाही ३० वरच असतो. फक्त शटर १/६० ऐवजी १/५० वर आणा.

१/५० का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० आणि १/१०० मध्ये ते पूर्ण चक्र बसतं. १/६०, १/१२०, १/२०० मध्ये बसत नाही. चाळीतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली २४० फ्रेमला मोबाइल लावला की भिंत धडधडायला लागते ती यामुळेच. ५० फ्रेम आणि १/१०० ही घरातल्या दिव्याखालची सगळ्यात बिनघोर जोडी. १०० फ्रेम हवेच असतील तर शटर १/२०० नको, १/१०० ठेवा. स्लो शटरला ही कटकटच नाही, १/१२ मध्ये आठहून जास्त चक्रं मिसळून जातात. स्वस्तातल्या एलईडी माळा, गणपतीच्या मंडपातले दिवे, टपरीवरचा बल्ब, सगळं चालतं.

प्रकाशाचा हिशोबही उलटा. १/२०० आणि १/१२ यांत चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अंतर, सोळा पटींचं. रात्री ठाणे-बेलापूर रोडवर कंपनीच्या बससाठी थांबलेली पोरं स्लो शटरला रस्त्यावरच्या दिव्यातही दिसतात, १०० फ्रेमला अंधारात जातात. दुपारी मात्र स्लो शटर महाग पडतं. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्स एफ/५.६ ला उघडी आणि १/१२ म्हणजे सहा स्टॉप जास्त, एनडी६४ (प्रकाश ६४ पट कमी करणारी गडद काच) लागतोच. लॉगमध्ये (रंग नंतर ठरवता यावेत म्हणून घेतलेलं फिकं रेकॉर्डिंग) बेस आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप. व्हेरिएबल एनडी शेवटापर्यंत फिरवलात तर फ्रेमवर काळी फुली उमटते. फिक्स एनडी घ्या.

आणि “पोस्टमध्ये बघू” म्हणणाऱ्यांसाठी: वाट एकाच दिशेने आहे, तीही अटीवर. १०० फ्रेमला, शटर पूर्ण उघडं म्हणजे १/१०० ठेवून शूट केलं असेल तर आठ-आठ फ्रेम मिसळून १/१२ च्या जवळचा ओघळ मिळतो. १/२०० ला शूट केलं असेल तर मध्ये फटी राहतात आणि एका हाताचे आठ हात दिसतात. उलट दिशेने जाता येत नाही. १/१२ चा ओघळ ऑप्टिकल फ्लोने, म्हणजे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून बनवून घेऊन, संथ करायला गेलात तर खिडकीचे गज वितळतात, दोरीवरचे कपडे एकमेकांत शिरतात. चाळ म्हणजे गज, जाळी, कठडे आणि दोऱ्या. ऑप्टिकल फ्लोला इतकी वाईट जागा दुसरी नाही. हाताने घेतलेला स्लो शटर स्टॅबिलाइझही करू नका. फ्रेम स्थिर होते पण ब्लर तसाच राहतो, आणि भिंत मधूनच धूसर, मधूनच स्वच्छ होत राहते.

हे सगळं तंत्र कशासाठी? दोन्ही शॉट पोराबद्दल वेगवेगळं बोलतात म्हणून. स्लो मोशन म्हणतं, याच्याकडे बघा. ते कौतुकाचं व्याकरण आहे: बाइकवरून उतरणं, कॉलर उडणं, कॅरमवरची पावडर. पोरांना स्वतःला तसं बघायचं असतं आणि त्यात वावगं काही नाही. सोळाव्या वर्षी तेवढा हक्क असावा. चीड येते ती कष्ट १२० फ्रेमला दाखवतात तेव्हा. घामाचा थेंब, उडणारं सिमेंट, टँकरखाली हंडा भरणारी पोरगी. संथ झालं की सगळं देखणं होतं आणि वजन जातं, कारण जड वस्तू उचलताना अंगाला बसणारा झटका हाच वजनाचा पुरावा असतो. पाव वेगात तो झटका तरंगतो. हंडा रिकामा वाटतो. पोरीच्या बाबतीत तर तो शॉट सरळ साबणाच्या जाहिरातीत जाऊन बसतो. कष्ट साध्या २५ फ्रेमला, १/५० ला घ्यावेत, फार तर १/१०० ला, म्हणजे हालचाल जरा खरखरीत होते.

स्लो शटर म्हणतं, याच्यासाठी कोणी थांबत नाहीये. दहावी झाली, आयटीआयचा फॉर्म भरलाय, यादी लागायची आहे, हातात काम नाही आणि घरी बसवत नाही. कामगारवस्तीतल्या त्या वयाचा मोठा भाग वाट बघण्यात जातो, आणि वाट बघणं स्लो मोशनमध्ये दिसतच नाही, कारण तिथे सगळेच थांबल्यासारखे वाटतात. एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी पळायचं, हे फक्त स्लो शटरला जमतं.

वाशीच्या एपीएमसीतला कांदा-बटाटा बाजार घ्या. पहाटे गाड्या उतरत असतात. माथाड्याचा पोरगा गोण्यांच्या थप्पीवर बसलाय, गुडघे जवळ घेऊन, पाठ मागच्या गोणीला. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, १/६, समोरून हमाल पाठीवर गोण्या घेऊन जातायत. चालताना टेकलेलं पाऊल क्षणभर जागचं हलत नाही, म्हणून ते फ्रेममध्ये स्वच्छ उमटतं. वरचा माणूस पुसला जातो. जमिनीवर स्लिपर दिसते, टाचेच्या भेगा दिसतात, त्यावर गोणीच्या रंगाचा ओघळ आणि चेहरा नाही. मागे पोराचा चेहरा मात्र रेखीव. बापाचं काम आणि पोराची सुट्टी एकाच फ्रेममध्ये आली, संवाद लागला नाही. हाच शॉट १०० फ्रेमला घेतलात तर हमाल ऐटदार दिसतील आणि पोरगा मागे कंटाळलेला.

ठाण्यात स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर संध्याकाळी हेच करता येतं, कठड्याला पाठ लावून. स्टेशनच्या हद्दीत रेल्वेच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका, आणि पोरं अठराच्या आतली असतील तर घरच्यांची लेखी संमती खिशात ठेवा.

बाकीचे वाद, ग्रेन घालावा की नाही, ४:३ की आडवं लांब, ॲनामॉर्फिक की साधी लेन्स, किरकोळ आहेत. खोटी व्हीएचएस पट्टी तेवढी लावू नका. २००८ साली जन्मलेल्या पोराने व्हीएचएस हातात धरलेली नसते.

कॉलशीटवर ‘स्लो’ हा शब्दच लिहू नये. एका शॉटसमोर ‘५० फ्रेम, १/१००, प्लेबॅक २००’, दुसऱ्यासमोर ‘१२ फ्रेम, १/१२, प्लेबॅक ४८, पोरगा संथ’. दोन्ही ट्रॅक वेगळ्या नावांनी सेव्ह करा आणि स्पीकर ज्याच्या हातात आहे त्याला कागदाची एक प्रत द्या.