ट्रॅक्टर ओढंना झाला, तर आधी धूर बघा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन धावणारे वीस-पंचवीस वर्षं जुने ट्रॅक्टर आजही सर्रास दिसतात. उसाची तोड आलेली असते, ट्रॉली भरलेली असते आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर 'ओढंना' होतो. मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "इंजिन गेलं." लगेच हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायची भाषा सुरू होते. ही घाई मला फार खटकते. दोष दोन रुपयांच्या तांब्याच्या वॉशरमध्ये असतो आणि शेतकरी हाफ इंजिनच्या, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलण्याच्या, कामाचे पैसे मोजतो. डिझेल इंजिन आपला आजार खोलायच्या आधीच बरंच काही सांगत असतं. ते ऐकायला थोडं विज्ञान पुरेसं आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्यांचं इंजिन यशस्वीपणे चाललं. नुसती हवा जोरात दाबून ती इतकी तापवायची की इंधन आपोआप पेटावं, हे त्याचं मूळ तत्त्व. ट्रॅक्टरच्या सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन साधारण सोळा-सतरा पट दाबतो. तेवढ्याने तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपासच पेट घेतं, त्यामुळे नोझलमधून, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या बारीक तोंडातून, आलेला फवारा क्षणात जळतो. म्हणजे पुरेशी स्वच्छ हवा, पुरतं कॉम्प्रेशन आणि योग्य वेळी आलेला बारीक फवारा इतकंच इंजिनाला लागतं. बहुतेक बिघाड यातल्याच कशात तरी सापडतात.

थंडीत सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, त्याचं कारण इथेच आहे. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ (स्टार्टर मोटर) इंजिन हळू फिरवतो. हळू फिरलं की दाबलेल्या हवेची उष्णता गार लायनरमध्ये (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीत) मुरायला वेळ मिळतो, काही हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून निसटतेही, आणि पेटण्याइतकं तापमान येतच नाही. बॅटरीच्या काळ्या झालेल्या टोकांचा दोष मग बिचाऱ्या पिस्टनवर येतो.

आता धूर. भार नसतानाही काळा धूर येत असेल तर हवेच्या मानाने डिझेल जास्त जातंय आणि अर्धवट जळालेला कार्बन बाहेर पडतोय. आधी एअर क्लीनर उघडा, मग नोझलकडे वळा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सुरू करताना निळ्या धुराचा एकच लोट येऊन नंतर धूर थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर, घ्यावा. भार टाकल्यावर सतत निळा येत असेल तर रिंगा आणि लायनरवर. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. पांढऱ्या वाफेबरोबर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेडचं पॅकिंग तपासायला हवं. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग इंजिन सुरू करून पाण्यात बघा. एकसारखे बुडबुडे येत असतील तर जळणाचा (सिलिंडरमधल्या जळत्या वायूंचा) दाब पाण्याच्या वाटेत घुसतोय. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

सगळ्यात जास्त फसवणारा दोष म्हणजे 'एअर धरणं', म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकणं. जुन्या इंजिनात नोझल उघडायला हवेच्या दाबाच्या पावणेदोनशे ते दोनशेपट दाब लागतो. तो देणाऱ्या पंपाचा प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. इतक्या नाजूक यंत्रणेत हवेचा बुडबुडा शिरला की सगळं बिघडतं. डिझेल दाबलं तरी फारसं आकसत नाही, हवा आकसते. प्लंजर पुढे सरकतो, बुडबुडा दबतो, पण नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. ट्रॅक्टर सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडतो किंवा भार आला की मान टाकतो.

हवा शिरते कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जात असतं. तिथल्या नळीला बारीक भेग पडली किंवा वॉशर दबून चपटा झाला, तर इंजिन चालू असताना बाहेर थेंब दिसेलच असं नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून 'कुठंच गळत नाही' यावर विसंबू नये. तेवढ्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी जोडली तर धावणारे बुडबुडे सरळ डोळ्यांना दिसतात. आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे टाकीच्या झाकणाचं बारीक भोक. ते चिखलाने बुजलं की डिझेल खाली उतरताना टाकीत पोकळी तयार होते आणि अर्ध्या तासाने ट्रॅक्टर थांबतो. झाकण सैल केल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला, तर दोष सापडला. एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हात मारायचा. आधी फेसाळ डिझेल येतं. बुडबुडे संपून अखंड धार आली की स्क्रू आवळायचा, मग हेच मुख्य पंपावर करायचं.

इंजिन मिस मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नसेल, तर ते मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट पान्याने किंचित सैल करतात. चांगल्या सिलिंडरचं नट सैल केलं की आवाज पडतो. ज्याचं सैल करून काहीच फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. हे करताना नटावर फडकं ठेवावं आणि हात लांब ठेवावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर तर बोट कधीच नेऊ नये. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. बाहेर फक्त ठिपका दिसतो, आतलं मांस मरत जातं. तसं झालं तर तास न दवडता रुग्णालय गाठावं.

एवढं तपासूनही दम नसेल तर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर जळणाचा दाब रिंगांवरून खाली उतरतोय. आता मात्र इंजिन खोलायला हवं. जुना लायनर हातात आला की वरच्या टोकाजवळ नख फिरवा. एक कड लागते. पिस्टन वर पोहोचून उलटा फिरतो तेव्हा क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो आणि ऑइलचा थर तुटतो. दाब आणि उष्णता नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते. त्यामुळे वरच्या रिंगेच्या वळणावर लायनर सर्वात जास्त झिजतो आणि त्याच्या वरचा, रिंग न पोहोचणारा भाग कड म्हणून उरतो.

या झिजेला धूळ जबाबदार असते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते लायनरच्या बिडापेक्षा (ओतीव लोखंडापेक्षा) कठीण असतात. एअर क्लीनर आणि सिलिंडरांकडे हवा नेणारा मॅनिफोल्ड यांच्यामधली रबरी नळी फाटली असेल तर नव्या रिंगाही एका हंगामात संपू शकतात. म्हणून नवे लायनर बसवण्याआधी ती नळी आणि तिचे क्लिप बदलून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

लायनरचं बीड म्हणजे कोल्हापूरच्या जिव्हाळ्याचा धातू. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात त्याचीच ओतकामं चालतात. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात. त्या स्वतः वंगणासारख्या वागतात आणि ऑइलही धरून ठेवतात. त्यात भर म्हणून होनिंग, म्हणजे आतून बारीक घासकाम, करताना लायनरच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा पाडतात. त्यांतही ऑइल टिकतं आणि नवी रिंग त्यांवर घासून नीट बसते. रिंगेला लायनरवर दाबण्याचं मोठं काम जळणाचा दाब करतो. म्हणून नव्या रिंगा-लायनर बसवून झाल्यावर ट्रॅक्टर तासन्‌तास नुसता मंद चालवत ठेवू नये. तसं केलं तर रिंगा पुरत्या दबत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं सुरूच राहतं. पहिले काही दिवस मध्यम भाराचं काम द्यावं, जास्त न ताणता. पहिलं ऑइल लवकर बदलावं, कारण नव्या भागांच्या घर्षणातून निघालेला लोखंडाचा कीस त्यातच उतरलेला असतो.