डिझाइन-टाइम आणि रनटाइम कोडची विभागणी (कस्टम कंपोनंट)

कस्टम कंपोनंट म्हणजे प्रोग्रामरने स्वतः बनवलेला, फॉर्मवर माउसने ओढून टाकता येतो असा तुकडा, मग ते वेगळ्या ढंगाचं बटण असेल, ग्रिड असेल नाहीतर न दिसणारं डेटाबेस कनेक्शन. हा तुकडा दोन जागी चालतो, एक तर आयडीईच्या (कोड लिहायच्या आणि फॉर्म मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) आत फॉर्म मांडत असताना आणि मग तयार ॲप ज्याच्या मशीनवर आहे तिथे. पहिल्या जागी लागणारा कोड तो डिझाइन-टाइम, दुसरीकडे लागतो तो रनटाइम, आणि हे दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबले की पुढे डोकेदुखी ठरलेली.

रनटाइममध्ये कंपोनंटचा खरा क्लास येतो, म्हणजे प्रॉपर्टी, इव्हेंट, चित्र काढणं वगैरे. डिझाइन-टाइममध्ये येतं ते फक्त प्रोग्रामरच्या सोयीचं: पॅलेटवर (आयडीईतल्या कंपोनंटच्या यादीत) नोंदणी, आयकॉन, प्रॉपर्टी एडिटर (तीन टिंबांच्या बटणावर क्लिक केलं की उघडणारी खिडकी) आणि राइट-क्लिकचा मेनू देणारा कंपोनंट एडिटर. नियम एकच, डिझाइनच्या कोडला रनटाइम माहीत असावा पण रनटाइमला डिझाइनचा पत्ताही नसावा.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं डेल्फीत, म्हणजे पास्कल भाषेत ॲप बनवायच्या आयडीईत. बोरलँडने डेल्फी 1995 मध्ये आणलं आणि 1997 च्या डेल्फी 3 पासून पॅकेजेस (युनिट्स म्हणजे कोडच्या फाइल्स, त्यांचे एकत्र कंपाइल केलेले गठ्ठे) आली, रनटाइम वेगळं, डिझाइन-टाइम वेगळं. डिझाइन पॅकेजच्या ‘रिक्वायर्स’ (लागणारी पॅकेजेस) यादीत रनटाइम पॅकेजचं नाव लिहायचं, त्यातली युनिट्स परत ‘कंटेन्स’ (आत असलेली युनिट्स) यादीत घ्यायची नाहीत. घेतली तर एकच युनिट दोन पॅकेजेसमध्ये जातं आणि आयडीई दुसरं पॅकेज लोडच करत नाही, हे युनिट आधीच अमुक पॅकेजमध्ये आहे म्हणून सांगते. नोंदणीची ‘रजिस्टर’ प्रोसीजर पण वेगळ्या युनिटमध्ये ठेवायची, नाव सहसा मूळ नावापुढे ‘रेग’ लावून.

नवखा माणूस हमखास अडकतो तो इथे: प्रॉपर्टी एडिटर लिहायचा म्हणून कंपोनंटच्याच युनिटच्या ‘यूझेस’मध्ये (वापरलेल्या युनिट्सच्या यादीत) ‘डिझाइनइंटफ’ हे आयडीईचं डिझाइन-टाइम युनिट टाकतो, पॅकेज मस्त बिल्ड होतं, पॅलेटवर आयकॉनही दिसतो आणि मग साधं ॲप कंपाइल करायला गेलं की ‘प्रॉक्सीज’ नावाचं युनिट सापडत नाही असा एरर, जे नाव त्याने आयुष्यात कधी टाइप केलेलं नसतं. डेल्फी 6 पासून हा डिझाइनचा भाग आयडीईच्याच पॅकेजमध्ये राहतो आणि लायसन्सप्रमाणे ते ॲपसोबत वाटता येत नाही, त्यामुळे सर्च पाथ वाढवून जुगाड करण्यापेक्षा ती ओळ तिथून काढून एडिटर दुसऱ्या युनिटमध्ये हलवणं हाच इलाज.

थोडासा डिझाइनचा भाग मात्र रनटाइम क्लासमध्ये राहतोच. टायमर किंवा सर्व्हर कनेक्शनवाला कंपोनंट फॉर्मवर टाकताच कामाला लागला तर आयडीई लटकते, म्हणून कोडमध्ये ‘सीएस-डिझाइनिंग’ फ्लॅग तपासून गप्प बसायचं. हा फ्लॅग कन्स्ट्रक्टरमध्ये (कंपोनंट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) ‘इनहेरिटेड’ म्हणजे मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर कॉल झाल्यावरच मिळतो, कारण तो मालक फॉर्मकडून येतो. असे एक-दोन चेक ठीक, पण दर दहा ओळींनी एक दिसायला लागला तर क्लासची मांडणीच परत बघावी.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये तत्त्व तेच, रीत वेगळी. विनफॉर्म्सच्या (त्यातल्या विंडोज फॉर्म बनवायच्या भागाच्या) क्लासवर डिझायनर ॲट्रिब्यूट (क्लासला जोडायची माहिती) लावताना डिझायनर क्लासचं नाव नुसती स्ट्रिंग म्हणून देता येतं, म्हणजे रनटाइम असेंब्लीला (कंपाइल झालेल्या फाइलला) डिझाइनच्या असेंब्लीचा रेफरन्स लागत नाही. तिथे ‘डिझाइनमोड’ प्रॉपर्टी कन्स्ट्रक्टरमध्ये कायम फॉल्स येते, साइट (कंपोनंटला डिझायनरशी जोडणारा दुवा) नंतर जोडली जाते म्हणून, आणि यात भलेभले फसतात. जावा भाषेतल्या कंपोनंटमध्ये, म्हणजे जावाबीन्समध्ये, हेच काम सोबतचा ‘बीनइन्फो’ क्लास करतो. लाझारस या डेल्फीसारख्या मोफत आयडीईत पॅकेजचा प्रकार रनटाइम, डिझाइन-टाइम किंवा दोन्ही असा निवडता येतो, फक्त डिझाइनचं पॅकेज बसवायचं तर आयडीईच परत बिल्ड करावी लागते.

विभागणीचा आणखी एक फायदा 64-बिटमुळे उघड झाला. 2011 च्या डेल्फी एक्सई2 मध्ये 64-बिट ॲप बनवायची सोय आली पण आयडीई तेव्हा 32-बिटच राहिली, आणि डिझाइन पॅकेज आयडीईच्या पोटात लोड होतं, म्हणून ते 32-बिटमध्येच बिल्ड करावं लागलं आणि रनटाइम मात्र दोन्हीकडे. ज्यांनी सगळं एकाच पॅकेजमध्ये ठेवलं होतं त्यांना तेव्हा युनिट-युनिट सोडवत बसावं लागलं.